पीसीवर बॅटमॅन आर्खम व्हीआर खेळायचाय? आधी एवढं सेट करा, मग गुहेत उतरा

बॅटमॅन आर्खम व्हीआर पीसीवर आला एप्रिल २०१७ मध्ये, त्याआधी ऑक्टोबर २०१६ ला प्लेस्टेशन व्हीआरवर येऊन गेला होता. बनवणारे रॉकस्टेडी, म्हणजे आर्खम असायलम, आर्खम सिटी आणि आर्खम नाइट ज्यांनी केले तेच. इतकी वर्षं झाली तरी नवीन व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारा) घेतला की लोक हा गेम शोधतातच, आणि मग प्रश्न तेच तेच, माझ्या हेडसेटवर चालेल का, बेल्टला हात का पोचत नाहीये, पुढे काय करायचं कळत नाहीये. म्हणून सगळं एकत्र लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, या गेममध्ये मारामारी नाही. बॅटमॅन आहे, बॅटरँग (फेकायचं वटवाघळाच्या आकाराचं हत्यार) आहे, ग्रॅपनल गन (दोरीचा हुक मारणारी बंदूक) आहे, पण दहा गुंडांना एका वेळी लोळवायचं वगैरे काही नाही, बॅटमोबाइल पळवायची नाही. हा गेम तपासाचा आहे. आणि छोटा आहे, गोष्ट साधारण तास-दीड तासात संपते. कमी वाटतं ना? पण त्या वेळात तुम्ही खरंच त्या जागी उभे असता. म्हणूनच सेटिंगची सगळी कटकट आधी संपवून ठेवायची, कारण गल्लीत प्रेत पडलंय, समोर खुनाचा प्रसंग उलगडतोय आणि तुम्ही मात्र हेडसेट वर करून माउस शोधताय, असं झालं की मूड गेलाच, आणि या गेममध्ये मूड हीच अर्धी मजा आहे.

विकत घेण्याआधी नाव नीट वाचा. आर्खम शॅडो नावाचा दुसरा व्हीआर गेम आहे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला, तो फक्त मेटाच्या क्वेस्ट ३ आणि ३एस हेडसेटवर चालतो, पीसीवर नाही. त्यात मारामारी भरपूर आहे, त्यामुळे व्हिडिओ त्याचे बघायचे आणि घ्यायचा हा, असा घोळ बऱ्याच जणांचा होतो. पीसीवाला तो आर्खम व्हीआर, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मिळतो. स्टीमचा रिफंडचा नियमही माहीत असू द्या, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तरच पैसे परत मागता येतात. गेम चालू ठेवून तुम्ही सेटिंगशी झटापट करत बसलात तर तोही वेळ या २ तासांत धरला जातो, म्हणून खालचं बरंचसं काम गेम न उघडता करून घ्या. आणि पूर्ण गोष्ट खेळून संपवायची आणि वर रिफंड मागायचा, असं प्लीज करू नका, छोटे पण मनापासून बनवलेले गेम अशानेच बंद होतात.

पीसीचं फार टेन्शन घेऊ नका. हा गेम आला तेव्हा ऑक्युलस रिफ्टसाठी जी शिफारस असायची ती जीटीएक्स ९७०, आय५ ४५९० आणि ८ जीबी रॅम, गेम त्याच काळातला आहे, त्यामुळे आजच्या मधल्या रेंजच्या कार्डाला जड जात नाही. लॅपटॉपवाल्यांनी मात्र लक्ष द्या, बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं कार्ड, आणि विंडोज कधी कधी गेम चुकीच्या ठिकाणी ढकलतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेमला आणि स्टीमव्हीआरला (हेडसेट पीसीवर चालवणारं स्टीमचं सॉफ्टवेअर) हाय परफॉर्मन्स लावून टाका. वायरवाला हेडसेट असेल तर ज्या पोर्टला वायर लावताय तो खरोखर त्या वेगळ्या कार्डाला जोडलेला आहे का तेही बघा, काही लॅपटॉपमध्ये एक पोर्ट इकडे आणि एक तिकडे असतो.

हेडसेट जोडताना

व्हाइव्ह किंवा इंडेक्स हेडसेट असेल तर बेस स्टेशन, म्हणजे तुमची हालचाल टिपायला लागणारे भिंतीवरचे डबे, डोक्याच्या वर, २ मीटरच्या आसपास उंचीवर, समोरासमोरच्या कोपऱ्यात आणि थोडी खाली झुकवून लावा. खोलीत आरसा किंवा चकचकीत काच असेल तर त्यावर चादर टाका, नाहीतर प्रकाश परावर्तित होऊन ट्रॅकिंग उडतं आणि गेममधला हात एकदम भलतीकडे जातो.

क्वेस्टवाल्यांना दोन रस्ते आहेत, केबल किंवा वायफाय. केबल लावणार असाल तर यूएसबी ३ ची चांगली केबल आणि मदरबोर्डवरचाच पोर्ट, पुढच्या पॅनेलचा किंवा हबचा नको. मेटाच्या पीसी अ‍ॅपमध्ये अननोन सोर्सेस चालू करायला विसरू नका, ते बंद असलं की स्टीमवरचे गेम हेडसेटमध्ये येतच नाहीत आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. वायफायवर खेळायचं तर सगळ्यात सोपं म्हणजे स्टीम लिंक, क्वेस्टच्या स्टोअरमधून टाकायचं आणि पीसीवर स्टीम चालू ठेवायचं. यात अट एकच पण ती पाळायचीच, पीसी राउटरला लॅनच्या वायरने जोडलेला हवा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर, शक्यतो राउटर असलेल्या त्याच खोलीत. पीसी पण वायफायवर आणि हेडसेट पण वायफायवर असं केलंत तर चित्र तुटक तुटक येणार, मग गेमला शिव्या घालून उपयोग नाही.

आता फरशीची उंची, आणि हे मी जरा लांबवून सांगणार आहे कारण या गेमबद्दलच्या अर्ध्या तक्रारी इथूनच येतात. गेममध्ये तुमच्या कमरेला बेल्ट असतो आणि सगळी हत्यारं तिथून काढायची असतात. आता तो बेल्ट कुठे ठेवायचा हे गेम ठरवतो तुमच्या डोक्याच्या उंचीवरून, म्हणजे फरशीपासून हेडसेट किती वर आहे त्यावरून. फरशीच जर चुकीच्या जागी धरली गेली असेल तर बेल्ट कधी छातीशी येतो, कधी मांडीपाशी जातो, आणि तुम्ही हवेत चाचपडत राहता. तपासायची पद्धत सोपी आहे. स्टीमव्हीआर चालू करा, गेम नको, नुसतं त्याचं होम उघडा, एक कंट्रोलर खरोखरच्या फरशीवर ठेवा आणि हेडसेटमधून त्याच्याकडे बघा. व्हीआरमधला कंट्रोलर तिथल्या जमिनीवर टेकलेला दिसला तर झालं. तरंगतोय किंवा जमिनीत घुसलाय असं दिसलं तर रूम सेटअप पुन्हा करा, क्वेस्टवर असाल तर बाउंड्री काढताना जमिनीची पातळी पुन्हा ठरवा. दोन मिनिटांचं काम आहे.

जागा फार लागत नाही. स्टीमव्हीआरमध्ये रूमस्केलसाठी, म्हणजे खोलीत चालून खेळायला, कमीत कमी २ मीटर बाय १.५ मीटर मोकळी जागा धरतात, तेवढी असेल तर उत्तम, नसेल तरी एका जागी उभं राहून हा गेम आरामात होतो कारण लांबचं चालणं सगळं टेलिपोर्टने, म्हणजे बटण दाबून थेट दुसऱ्या जागी जाण्याने आहे. फक्त दोन्ही हात बाजूला पूर्ण पसरून आणि पुढे फेकून बघा, कुठे टीव्ही, कपाट, भिंत लागत नाही ना. बॅटरँग फेकताना हात आपोआप जोरात जातो. मनगटाचा पट्टा घालाच.

उभं राहून खेळा. बसून खेळायचीच वेळ असेल तर हात नसलेल्या स्टुलावर बसा, कारण खुर्चीचे हात बरोबर बेल्टच्या जागेवर येतात आणि कंट्रोलर त्यावर आपटत राहतो.

चित्र आणि आवाज

व्हाइव्ह आणि जुना रिफ्ट दोन्ही ९० हर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेम (चित्रं) दाखवतात, आणि प्रत्येक फ्रेमसाठी पीसीला साधारण ११ मिलिसेकंद मिळतात. ते जमलं नाही की सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतं आणि मग हलणाऱ्या हाताच्या कडेला पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. या गेममध्ये नजर सतत आपल्याच हातावर असते, त्यामुळे ते लगेच खुपतं. स्टीमव्हीआरमध्ये या गेमसाठी वेगळं रेझोल्यूशन ठेवता येतं, आधी १०० टक्क्यांवर खेळून बघा, फ्रेम टायमिंगचा ग्राफ हिरवा राहत असेल तर हळूहळू वाढवा. उलटं करू नका, आधी सगळं फुल ठेवायचं आणि मग का अडकतंय म्हणून शोधायचं, त्यात संध्याकाळ जाते. आणि हा गेम अंधाराचा आहे, पाऊस, ओल्या विटा, बॅटमॅनच्या अड्ड्याची काळोखी गुहा, तर रेझोल्यूशन थोडं कमी असलं तरी चालून जातं पण फ्रेम तुटलेली चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोळ्यांतलं अंतर, म्हणजे आयपीडी, हेही एकदा नीट लावा. मोठ्या माणसांचं सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं पण तुमचं वेगळं असू शकतं. क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत, त्यातली जवळची घ्या. चुकीचं असलं की अक्षरं धूसर दिसतात, डोकं दुखतं, आणि गुहेतल्या कॉम्प्युटरवर वाचायला बरंच काही आहे.

आवाज हेडफोनमध्येच ऐका. विंडोजमध्ये आउटपुट हेडसेटवर आहे का ते आधी बघून घ्या, कारण बऱ्याचदा तो मॉनिटरच्या स्पीकरवर राहतो आणि मग मागून येणारा आवाज पुढून येतो. बॅटमॅनला आवाज केविन कॉनरॉय यांचा आहे आणि जोकरला मार्क हॅमिल यांचा. कॉनरॉय नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, आणि ज्यांनी लहानपणापासून तो आवाज ऐकलाय त्यांच्यासाठी इथे तो आवाज स्वतःच्याच तोंडून आल्यासारखा ऐकणं म्हणजे काय हे लिहून सांगता येत नाही. खोली शांत करा, फोन सायलेंट करा.

आत गेल्यावर

सुरुवात ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमॅनच्याच, लहानपणापासून होते, तिथे तुम्हाला फार काही करायचं नाही, फक्त बघायचं. मग त्याचा वाडा वेन मॅनर, समोर त्याचा नोकर आल्फ्रेड, आणि पियानो. पियानोला हात लावा, नुसतं पुढे जायचं बटण शोधू नका, पट्ट्या खरोखर वाजतात. तिथूनच खाली गुहेत जायचा रस्ता उघडतो आणि तुम्ही उभे असलेली जागा लिफ्टसारखी खाली जायला लागते. ज्यांना व्हीआरमध्ये गरगरतं त्यांनी इथे पाय जरा फाकवून उभं राहायचं आणि नजर लांबच्या एखाद्या स्थिर गोष्टीवर ठेवायची, खाली वाकून बघायचा मोह आवरा. गरगरायला लागलंच तर लगेच हेडसेट काढून पाच-दहा मिनिटं बसा. दात-ओठ खाऊन खेळत राहिलात तर ते वाढतच जातं आणि मग दिवसभर पोटात ढवळतं.

खाली गेल्यावर सूट चढतो. हातमोज्यांत हात घालायचे, एकेक हत्यार घेऊन बेल्टला लावायचं, आणि शेवटी मुखवटा दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या डोक्यावर ओढायचा. हे सावकाश करा. मुखवटा तोंडाजवळ आणताना कंट्रोलर हेडसेटवर आपटू देऊ नका, जरा लांबूनच वर न्या, गेम समजून घेतो. मग आरसा येतो. मान तिरकी करा, हात वर करा, जवळ जाऊन बघा, समोरचा बॅटमॅन तेच करतो. इथे लोक दहा सेकंदात निघून जातात, तुम्ही थांबा, कारण शरीर एकदा स्वतःचं वाटायला लागलं की पुढची प्रत्येक जागा जास्त खरी वाटते.

बेल्टवर तीन गोष्टी आहेत, बॅटरँग, ग्रॅपनल गन आणि फॉरेन्सिक स्कॅनर. कुठली कुठे आहे ते खाली बघून एकदा नीट पाठ करून घ्या आणि मग न बघता काढायची सवय करा, हात नेला, पकडलं, काढलं, पुन्हा ठेवलं. हे गुहेतच करा, तिथे घाई नाही. बॅटरँग फेकताना पूर्ण हात झोकायची गरज नाही, मनगटाचा झटका आणि योग्य वेळी सोडणं एवढंच, नेमाला गेम मदत करतो. सोडायची वेळ चुकली की पायाशी पडतो, दोन-चार वेळा फेकलं की जमतं. चालण्यासाठी जिथे जायचं त्या जागेकडे बघून बटण दाबायचं, ठरलेल्या जागांवरच उभं राहता येतं, मोकळं फिरता येत नाही. काहींना हे आवडत नाही पण यामुळे गरगरणं खूप कमी होतं आणि तपासासाठी ते पुरतं.

आता खरा तपास. बॅटमॅनचा जुना साथीदार नाइटविंग याचा खून झालाय हे गेममध्ये लवकरच कळतं आणि तुम्ही त्या गल्लीत पोचता. यापुढची गोष्ट मी सांगणार नाही, फक्त पद्धत सांगतो. स्कॅनर काढला की त्या जागी काय घडलं ते समोर उभं राहतं, दोन आकृत्या मारामारी करताना दिसतात, आणि तो प्रसंग तुम्ही मागे-पुढे करू शकता. बहुतेक जण काय करतात, पुढे पुढे पळवत जातात आणि गेमने खूण दाखवली की तिथे थांबतात. होतं तेही, गेम पुढे सरकतो. पण असं करून बघा, पहिल्यांदा सगळा प्रसंग न थांबवता पूर्ण बघा, कोण कुठून आला, कोण आधी पडला. मग पुन्हा सुरुवातीला न्या आणि प्रत्येक मोठ्या फटक्याला थांबवा. थांबवलं की फक्त माणसांकडे बघू नका, आजूबाजूच्या गल्लीकडे बघा, कशावर आपटला, हातातलं काय कुठे उडालं. आणि मग दुसऱ्या जागेवर जाऊन तोच क्षण तिथून बघा. एका बाजूने जे नुसतं ढकलणं वाटतं ते दुसऱ्या बाजूने बघितलं की नेमका फटका कुठे बसला ते दिसतं. मारणारा किती ताकदीचा, कसा लढतो, याचा अंदाज तुम्ही स्वतः मनात बांधा आणि मग गेम काय सांगतो ते ऐका. खून कोणी केला असेल हे गेमने सांगायच्या आधी मोठ्याने बोलून बघा, एकटे असाल तरी. या गेमची सगळी गंमत त्या अंदाजात आहे.

शवागारात पण तेच. स्कॅनर शरीरावरून सावकाश, सरळ रेषेत फिरवा, भिंतीवर रंग मारतो तसा एक पट्टा मग त्याच्या शेजारचा पट्टा, इकडे तिकडे हलवत बसलात तर काहीतरी सुटतं आणि मग अडकल्यासारखं वाटतं. हात अवघडला तर दुसऱ्या हातात घ्या. वाकायची वेळ आली तर गुडघ्यातून वाका, हेडसेट घालून कमरेतून वाकलं की तोल जातो.

कुठेही अडकलात तर गाइड उघडण्याआधी तीन गोष्टी करा. जागेवरच पूर्ण गोल फिरून बघा, वर आणि खाली सुद्धा, सोबत असलेलं पात्र काय म्हणालं ते आठवा, आणि हाताला येईल ती प्रत्येक वस्तू उचला. बऱ्याच वस्तू उगाच ठेवलेल्या आहेत, पण उचलून, उलटून, जवळ आणून बघण्यातच मजा आहे.

चालतच नसेल तर

गेम मॉनिटरवर उघडतोय पण हेडसेटमध्ये काळोख असेल तर तो बंद करा, आधी स्टीमव्हीआर चालू करा, कंट्रोलर दिसतायत ना ते बघा आणि मग हेडसेटच्या आतूनच लायब्ररीत जाऊन गेम चालू करा. हात दिसतायत पण वस्तू पकडली जात नाही असं असेल तर दोन्ही बटणं दाबून बघा, ट्रिगर आणि ग्रिप. हा गेम व्हाइव्ह आणि जुन्या टच कंट्रोलरच्या काळातला आहे, त्यामुळे इंडेक्ससारख्या नंतरच्या कंट्रोलरवर बटणांची मांडणी विचित्र वाटू शकते, स्टीमव्हीआरच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये इतर खेळाडूंनी बनवलेली बाइंडिंग (बटणांच्या तयार मांडण्या) मिळतात, त्यातलं एखादं लावून बघा किंवा स्वतः बदला. तरी नाही झालं तर स्टीममध्ये गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करा. विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचा जुना हेडसेट असेल तर विंडोज ११ च्या २४एच२ पासून त्याचा सपोर्टच काढून टाकलाय, तिथे गेमचा काही दोष नाही.

गोष्ट संपली की गेम बंद करून काढून टाकू नका. एकदा पूर्ण केल्यावर रिडलर या कोडी घालणाऱ्या खलनायकाची कोडी उघडतात, त्याच जागांमध्ये लपवलेली, आणि त्यासाठी प्रत्येक जागा पुन्हा बारकाईने बघावी लागते. शिवाय शेवट कळल्यावर दुसऱ्यांदा खेळताना गल्लीपासून पुढच्या बऱ्याच गोष्टी वेगळ्याच दिसतात, कोण काय म्हणालं, कुठली वस्तू कुठे होती, हे आधीच तिथे होतं हे लक्षात येतं. एक दिवस मध्ये जाऊ द्या, मग पुन्हा बसा.

आणि तपासाची चटक लागलीच तर पीसीवर एल ए न्वार द व्हीआर केस फाइल्स बघा, डिसेंबर २०१७ ला आलेला, मूळ गेममधल्या सात केसेस व्हीआरसाठी केलेल्या आहेत. त्यात सुपरहिरो कोणी नाही पण पुरावा हातात घेऊन फिरवून बघणं आणि संशयिताच्या चेहऱ्याकडे बघून खोटं पकडणं आहे. तिथे चालायला हात हलवावे लागतात, गाडी चालवावी लागते, त्यामुळे गरगरणाऱ्यांनी आधी आर्खमवर सवय करून मगच तो घ्यावा.